मगदूम साहेबांची आखूड मुळं

तार आवळून घ्यायला म्हणून शांतिनाथ मगदूम राजारामपुरीतल्या दातांच्या दवाखान्यात गेले आणि परत आले ते मुळं आखूड झाल्याची बातमी घेऊन.

बावन्नाव्या वर्षी माणूस दातांना तार का लावून घेतो, हा प्रश्न त्यांना वर्षभर इतक्या लोकांनी विचारला होता की त्याचं उत्तर पाठ झालं होतं. वरचे पुढचे चार दात मोडक्या छत्रीच्या काड्यांसारखे चार दिशांना गेलेले, खालचे दात त्यांच्यावर आपटून झिजायला लागलेले, आणि डॉक्टर संयोगिता म्हणाल्या होत्या, "काका, आता हे कुठल्याही वयात करता येतं." त्यातलं 'कुठल्याही वयात' त्यांना फार आवडलं. हे उत्तर ऐकून लोक मान डोलवायचे आणि पुन्हा त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. शांतिनाथ एका सहकारी बँकेत शाखाधिकारी होते. तार लावलेल्या तोंडानं कर्ज नाकारलं की समोरच्याला ते नाकारल्यासारखं वाटतच नाही, असा त्यांचा अनुभव होता. माणसं हसून, "बरं साहेब, पुन्हा येतो," म्हणून जायची आणि खरोखरच पुन्हा यायची.

तर त्या दिवशी डॉक्टर संयोगितांनी तार आवळली नाही. आधी एक्स-रे काढला, मग तो पडद्यावर मोठा करून बराच वेळ बघितला. स्वतःच्या जबड्याची हाडं एवढी मोठी झालेली बघणं कुणालाच मानवत नाही. शांतिनाथ नजर चुकवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले.

"काका, जरा इकडं बघा. पुढच्या चार दातांची मुळं टोकाला बोथट झालीयत. थोडी आखूड झालीयत."

"कुणी केली?"

"कुणी असं नाही. तारेनं दाब दिला की दात हाडातून सरकतो. तसा सरकताना काही जणांचं शरीर मुळाचं टोक थोडं खाऊन टाकतं. बहुतेकांचं अगदी किंचित जातं, तुमचं जरा जास्त गेलंय. मी सुरुवातीला सांगितलं होतं तुम्हाला, असं होऊ शकतं म्हणून."

सांगितलं होतं खरं. पण त्या वेळी जुन्या दवाखान्यात काचेची पेटी होती आणि तिच्यातला एक नारिंगी मासा प्लास्टिकच्या किल्ल्यात शिरायचा प्रयत्न करत होता. शांतिनाथांचं सगळं लक्ष त्या माशाकडे होतं. मान मात्र ते योग्य जागी हलवत होते.

"पडतील का?" त्यांनी विचारलं.

"सहसा असं होत नाही. दाब थांबवला की बहुतेक वेळा हे खाणंही थांबतं. आपण काही महिने तार नुसती सैल ठेवू, ओढायचं नाही. पुढच्या दातांनी कडक काही तोडू नका. मग पुन्हा एक्स-रे काढू. आणि तुमचा अगदी पहिला एक्स-रे शोधा. शाहूपुरीतल्या जुन्या दवाखान्यात पाणी शिरलं तेव्हा माझा कॉम्प्युटर गेला, पण तुम्हाला एक्स-रे सेंटरवाल्यांनी सीडी दिली असणार. मुळं मुळातच आखूड होती का, ते त्यात कळेल."

एवढ्या सगळ्यातून शांतिनाथांनी घरी नेलं ते 'सहसा' आणि 'बहुतेक'. हे शब्द ते स्वतः रोज वापरायचे. सहसा कर्ज मंजूर होतं, असं ज्याला सांगायचं त्याचं काय होतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्यांच्या बायको त्रिशलाबाई स्वयंपाकघरात दोडका चिरत होत्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विळी बाजूला सारली.

"शरीर मुळं खातंय?"

"तसं म्हणाल्या त्या."

"आमच्या घरात तीन पिढ्या कुणी कंदमुळाला, कांद्या-बटाट्याला हात लावला न्हाई. आणि तुमचं शरीर मुळं खातंय?"

"मी कुठं खातोय? ते आपलं आपण खातंय."

"चातुर्मासात?"

स्टेशनरोडच्या एखाद्या गाड्यावर बटाटेवडा खाताना पकडलं गेल्यासारखं शांतिनाथांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्रिशलाबाईंनी बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, पंडितांच्या कानावर गोष्ट घातली. पंडित म्हणाले, "हेतू नसला तर दोष कमी." दोष नाही, असं काही ते म्हणाले नाहीत. तो 'कमी' शांतिनाथांना दोन दिवस बोचत राहिला.

समोरच्या फ्लॅटमध्ये केरबा राहायचे. एसटीत कंट्रोलर म्हणून सगळी नोकरी झालेली. गाडी कुठल्या फलाटावर लागली हे वर्षानुवर्षं गर्दीला ओरडून सांगितल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे. त्यामुळे त्यांचा सल्ला एकट्या शांतिनाथांना मिळाला नाही, तिन्ही मजल्यांना मिळाला.

"तारा काढून टाका सगळ्या. झाडाला तार आवळली तर झाड वाळतंय, दाताचं काय घिऊन बसलाय साहेब? बाभळीची काडी चावा सकाळी. तिळाचं तेल धरा तोंडात. माझ्या भावाचं असंच झालतं. मुळं सैल झाल्याली, त्याला पत्ताच न्हाई. आणि एक दिवस शिंकला."

"मग?"

"मग काय, आता बरा हाय."

मधल्या भागाबद्दल केरबांनी काही सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस शांतिनाथांना झालं नाही. त्या दिवसापासून ते शिंक अडवायला लागले. सकाळी उठल्यावर अंगठ्यानं एकेक दात हलवून बघायचे. सतत हलवल्यानं तो हलतोय असं वाटायचं, आणि तसं वाटलं की पुन्हा हलवून बघायचे. भडंग सुटलं, ऊस सुटला, पेरू किसून खायला लागले. बोलतानाही ओठ फार उघडायचे नाहीत. बँकेतल्या लोकांना वाटलं, साहेब कशावर तरी नाराज आहेत. सगळे वेळेवर यायला लागले.

मग एकदा भर मीटिंगमध्ये त्यांना मोठी शिंक आली. त्यांनी दोन्ही हातांनी नाक आणि तोंड दाबून धरलं, चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं. कॅशियरनं त्यांना खुर्चीसकट आडवं केलं आणि शर्टाची बटणं सोडली. शिपाई पाणी आणायला धावला, एका ठेवीदारानं छाती चोळायला घेतली. शांतिनाथांना बोलता आलं असतं, पण बोलायला तोंड उघडलं तर शिंक सुटली असती. शेवटी ती सुटलीच, ठेवीदाराच्या अंगावर. दात जागच्या जागी होते. शाखाधिकाऱ्याची प्रतिष्ठा मात्र टेबलाखाली गेली होती.

इकडे सीडी सापडली. कपाटाच्या तळाच्या कप्प्यात, दिवाळीच्या रिकाम्या डब्याखाली. पण ती लावायची कुठं, हा नवाच पेच उभा राहिला. मुलगी दीपा लॅपटॉप उलटासुलटा करून म्हणाली, "पप्पा, आता कुठं असतंय हे?" बँकेतल्या एका जुन्या कॉम्प्युटरला सीडीची खाच होती, पण मुख्य कार्यालयानं सुरक्षेसाठी तिच्यावर सील लावलेलं. स्वतःच्या शाखेतलं सील स्वतः फोडणारा माणूस शांतिनाथ नव्हते. त्यांनी रीतसर परवानगी मागितली.

मुख्य कार्यालयानं कळवलं, कारण सविस्तर द्यावे. शांतिनाथांनी लिहिलं, दातांची मुळे पाहण्यासाठी. उत्तर आलं, सदर मुळे बँकेच्या कामकाजाशी कशी संबंधित आहेत याचा खुलासा करावा. शांतिनाथांनी रात्री जेवण झाल्यावर बसून खुलासा तयार केला: सदर मुळे शाखाधिकाऱ्याची असून शाखाधिकारी कामकाजाशी संबंधित आहे. त्यांना हे वाक्य बिनतोड वाटलं. मुख्य कार्यालयालाही वाटलं असावं, कारण त्यांनी ते प्रकरण पुढच्या सभेपुढे ठेवायचं ठरवलं.

याच सुमारास शांतिनाथांच्या थोरल्या बहिणीचा, हातकणंगल्याच्या आक्कांचा, फोन आला. त्रिशलाबाई बोलता बोलता म्हणाल्या, "ह्यांच्या दाताची मुळं झिजाय लागल्यात." आक्कांना एका कानानं कमी ऐकू येतं, आणि फोन त्या नेमका त्याच कानाला लावतात. दुसरा कान घरातलं ऐकायला मोकळा हवा म्हणून. त्यांना 'मुळं'च्या जागी 'हाडं' ऐकू आलं. त्यानंतर त्या एका बारशाला गेल्या. बारशाला पै-पाहुणे सगळीकडून आलेले.

आठवड्यात आक्कांचाच पुन्हा फोन. या वेळी त्यांनी शांतिनाथांनाच बोलावून घेतलं.

"शांतू, दाताचं इचलकरंजीपतूर गेलंय बग. तुझ्या व्याह्यांच्या घरात नुसती दाताचीच चर्चा चाललीया म्हणं."

"कुणी सांगितलं त्यांना?"

"आता ते मला काय म्हाईत? मी आपलं चार जणींना विचारलं, की दाताचं, हाडाचं घराण्यात उतरतंय काय म्हणून. तुझ्या काळजीपोटीच विचारलं की."

शांतिनाथांनी फोन ठेवला. दीपाचा साखरपुडा उन्हाळ्यातच झाला होता. इचलकरंजीच्या आदगोंडा खोतांचा मुलगा अरिहंत. घरचे कापडाचे माग, मुलगा शिकलेला, शब्दाला जपणारा. दीपाला तो मनापासून आवडला होता, आणि हे तिनं तोंडानं सांगितलं नसलं तरी हल्ली ती भांडी घासतानाही गुणगुणायची. आता खोत म्हणणार, बापाची हाडं झिजतात तर पोरीचीही झिजणार. या आखूड मुळांनी दाताबरोबर पोरीचं लग्नही सैल केलं, असं त्यांच्या मनात आलं.

त्याच संध्याकाळी आदगोंडांचा फोन आला. "रविवारी येतोय आम्ही दोघं. जरा बोलायचं हुतं." एवढंच.

दीपानं अरिहंतला फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. माग चालू असले की शेडमध्ये फोनच काय, शेजारचा माणूसही ऐकू येत नाही, हे तिनंच एकदा सांगितलं होतं. पण त्या वेळी ते घरात कुणालाच आठवलं नाही, तिलाही नाही.

"ज्याला दातावरनं मोडायचंय त्यानं मोडू दे," दीपा म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं. त्या दिवशी भांडी त्रिशलाबाईंनी घासली. बंद दाराकडे बघत शांतिनाथ सोफ्यावर बसून होते. दात पडले तर पडू देत, सगळे पडू देत, कवळी बसवून घेईन, पण हे नको, असं त्यांनी मनातल्या मनात कुणाला तरी सांगितलं. कुणाला ते त्यांनाही नीट ठरवता आलं नाही.

सकाळी ते उठले ते निश्चय करून. पाहुण्यांना पुरावा दाखवायचा. डॉक्टर संयोगिता परगावी गेलेल्या, सोमवारशिवाय येणार नव्हत्या. पण निदान पहिला एक्स-रे तरी हातात हवा. केरबांनी ओळखीचा एक फोटोग्राफर शोधून काढला. बिंदू चौकाजवळ त्याचा स्टुडिओ, लग्नाचे अल्बम करायचा. त्याच्याकडे जुना कॉम्प्युटर होता आणि त्यानं सीडी काही न विचारता आत घातली. पडद्यावर शांतिनाथांचा जबडा उमटला.

"मोठा काढू?" फोटोग्राफरनं विचारलं.

"काढा."

त्यानं चकचकीत कागदावर काढून दिला. त्याच्या कॉम्प्युटरमधून काहीही बाहेर पडलं तरी लग्नाच्या अल्बमच्या चौकटीतूनच पडायचं. जबड्याभोवती गुलाबाच्या फुलांची महिरप आली होती आणि वरच्या कोपऱ्यात दोन मोर होते. पुन्हा काढायला वेळ नव्हता, पुढच्या गिऱ्हाइकाला घाई होती. केरबांनी जिन्यातच तो उजेडात धरला.

"बघा, लांब हायत की मुळं. उगंच घाबरलाय."

"ते नाक हाय, केरबा."

रविवारी खोत नवरा-बायको आले. त्रिशलाबाईंनी दार उघडलं आणि पहिली नजर त्यांच्या हाताकडे गेली. हात रिकामे होते. एरवी इचलकरंजीहून येताना काही ना काही पिशवीत असायचंच. त्रिशलाबाईंनी आत येऊन नवऱ्याकडे बघितलं आणि शांतिनाथांना सगळं समजलं.

शिरा केला होता, कारण घरात आता मऊ पदार्थच व्हायचे. दोघे व्याही समोरासमोर बसून शिरा खायला लागले. शांतिनाथ दाढेकडे घास ढकलून हळूहळू चावत होते. आदगोंडाही तसेच चावत होते आणि मधून मधून तोंडाला रुमाल लावत होते. शांतिनाथांना वाटलं, माणूस सभ्य आहे, वाईट बोलायचं तर शब्द तोंडातून निघेना त्याच्या.

शेवटी त्यांनीच धीर केला. आतून चकचकीत कागद आणला आणि टीपॉयवर ठेवला.

आदगोंडांच्या बायकोनं चष्मा लावून बघितलं. "पत्रिकेचा नमुना काय?"

"न्हाई," शांतिनाथ म्हणाले. "माझा जबडा हाय."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली ती थांबलेच नाहीत. तार, दाब, मुळं, शरीराचं खाणं, डॉक्टरांचं म्हणणं, बहिणीचा कान. हाडं चांगली आहेत, घराण्यात काही नाही, माझे वडील म्हातारपणी दातानं सुपारी फोडत होते, दीपाचे दात तर तुम्ही बघितलेच आहेत. आतल्या खोलीचं दार किलकिलं झालं.

खोत नवरा-बायकोनं एकमेकांकडे बघितलं. आदगोंडांनी घसा साफ केला.

"मगदूम साहेब, तुम्ही जबडाच टेबलावर ठेवलासा. मग मी काय झाकून ठेवू?"

ते जरा भिंतीकडे वळले, तोंडात हात घातला आणि वरची अख्खी कवळी काढून शिऱ्याच्या बशीशेजारी ठेवली.

आदगोंडांचा वरचा ओठ आत गेला होता आणि ते एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसायला लागले होते.

"तरणा हुतो," ते फसफसत म्हणाले. "मागावरचा सुताचा लाकडी धोटा उडाला आन् थेट तोंडावर बसला. पुढचे तवाच गेले. ऱ्हायलेले मागनं गेले."

पुढचं नीट कळेना, म्हणून त्यांच्या बायकोनं सांगितलं. "साखरपुड्यात आम्ही बोललो न्हाई. विषयच निघाला न्हाई. आणि परवा कानावर आलं, तुमच्या आक्का सगळ्या पावण्यांत विचारत्यात, दाताचं घराण्यात उतरतंय काय. आम्हाला वाटलं, ह्यांच्या कवळीचं कळलं तुम्हाला आणि आता चौकशी लावलीसा. पोरगं म्हणालं, जाऊन खरं काय ते सांगून या. तेच सांगायला आलोय. त्या नादात पेढ्याचा पुडा घरातच ऱ्हायला."

शांतिनाथांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि त्यातून हसू बाहेर पडलं. ते आवरायला गेले, तेवढ्यात आदगोंडाही बिनदाताचे हसायला लागले. त्रिशलाबाई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाल्या. दीपा बाहेर आली, बशीशेजारच्या कवळीकडे तिनं एकदा बघितलं, आणि काही न बोलता पाण्याचा पेला आणून तिच्याजवळ ठेवला. आदगोंडांच्या बायकोनं तिचा हात धरला आणि तिला जवळ बसवून घेतलं. तेवढ्यात दीपाचा फोन वाजला. पलीकडून मागांचा खडखडाट इतका येत होता की अरिहंत काय म्हणतोय ते कुणालाच कळलं नाही. पण दीपा "हो, हो" म्हणत गॅलरीत गेली ती शिरा निवला तरी आत आली नाही.

सोमवारी डॉक्टर संयोगितांनी गुलाबाच्या चौकटीतला एक्स-रे बघितला. त्या ओठ घट्ट मिटून बराच वेळ बघत होत्या. ही काळजी नसून हसू दाबणं आहे, हे शांतिनाथांना जरा उशिरा कळलं.

"काका, तुमची मुळं सुरुवातीपासूनच बारीक आणि आखूड आहेत. म्हणजे मला वाटलं होतं तेवढी काही गेलेली नाहीत. तरी आपण थांबायचंच."

थांबले. पावसाळा गेला, दसरा-दिवाळी झाली. तारीख निघाली, लग्न झालं. आदगोंडांनी लग्नात मगदुमांच्या सगळ्या पाहुण्यांना कवळीची गोष्ट स्वतः सांगितली, आक्कांना दोनदा, चांगल्या कानात. शांतिनाथ लेकीला निरोप देताना रडले आणि रडताना एक शिंक आली तीही त्यांनी अडवली नाही. मुख्य कार्यालयाचं पत्रही मधे येऊन गेलं: सील काढण्यास एक वेळची बाब म्हणून मान्यता देण्यात येत आहे. त्यांनी ते फाइलला लावलं.

थंडी सरता सरता डॉक्टरांनी पुन्हा एक्स-रे काढला. आधीचा शेजारी ठेवला. एकाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं, पेन्सिलीनं मोजलं. शांतिनाथ घड्याळाकडे बघत नव्हते. या वेळी ते थेट स्वतःच्या मुळांकडे बघत होते, आणि बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या नातेवाइकांसारखी ती त्यांना ओळखीची वाटली.

"थांबलंय," डॉक्टर म्हणाल्या. "तसूभरही पुढं गेलेलं नाही. आता आणखी ओढायची जोखीम मी घेत नाही. एक दात जरासा तिरका राहील, चालेल?"

"राहू दे."

"मग काढून टाकू तारा. आतल्या बाजूनं एक बारीक तार चिकटवते, म्हणजे दात जागा सोडणार नाहीत."

तारा निघाल्यावर शांतिनाथांनी तोंड धुतलं. आरसा हातात होता, पण त्यांनी आधी विचारलं, "आता हे किती दिवस टिकतील?"

"हिरड्या जपल्या, साफसफाई ठेवली, तर आयुष्यभर."

"कुणाच्या?"

"तुमच्या, काका."

स्कूटर काढून ते राजारामपुरीतून निघाले. जिभेला दात गुळगुळीत लागत होते. ती सारखी त्यांच्यावरून फिरत होती, कोपऱ्यातला तिरका दात लागला की क्षणभर थांबून पुन्हा फिरत होती. ऊन छान पडलं होतं. सिग्नल लाल झाला. शांतिनाथ थांबले आणि एकटेच, तोंडभर, सगळे दात दाखवून हसत राहिले.

चौकातल्या वाहतूक पोलिसाची नजर त्यांच्यावर गेली. या शहरात सिग्नलला थांबून हसणारा माणूस त्यानं सहसा बघितला नसावा. त्यानं हातानं बाजूला घ्यायची खूण केली आणि जवळ आला. हेल्मेट बघितलं, नंबरप्लेट बघितली, जरा वाकून तोंडाचा वासही घेतला. काही सापडेना.

"काय पावणं, एवढं काय हसाय लागलाय?"

"दात हायत," शांतिनाथ म्हणाले. "सगळे हायत."

पोलिसानं त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. मोजल्यासारखं बघितलं.

"व्हय की," तो म्हणाला. "जावा मग."